शिक्षणखर्चावरचा इकॉनॉमिस्टचा पेपर कसा वाचायचा (गणित कच्चं असेल तरी)

बजेटच्या दिवशी टीव्हीवर 'शिक्षणासाठी एवढे हजार कोटी' अशी पट्टी आली की आमच्या कट्ट्यावर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते वा वा आणि दुसरी म्हणते सगळं मधल्यामध्येच जाणार. त्या पैशाने पोराला वाचता येऊ लागलं का, हे कुणी विचारत नाही. कार्तिक मुरलीधरन नावाचे इकॉनॉमिस्ट आहेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसला असतात, त्यांचं बरंचसं काम नेमकं याच प्रश्नावर आहे. पण त्यांचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, उघडला की चारपाच पानांनी ग्रीक अक्षरं सुरू होतात आणि आपण टॅब बंद करतो. मी बीकॉम, तेही रडतखडत, तरी आता वाचतो. कसं ते सांगतो.

ग्रीक अक्षरं आली की सरळ पुढे जा, काही बिघडत नाही. आधी एकच शोधायचं, तुलना कुणाशी केलीय. पोरांचे मार्क वाढले एवढ्याने काही कळत नाही, वर्षभरात पोरं मोठी होतात, मार्क तसेही वाढतात. आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागातला शिक्षकांच्या बोनसवरचा त्यांचा 2011 चा पेपर घ्या. त्यात कुठल्या शाळांना बोनस द्यायचा हे लॉटरीने ठरवलं होतं, म्हणजे दोन्ही बाजूच्या शाळा सुरुवातीला सारख्याच, आणि नंतर जो फरक पडला तो बोनसचा. पोरांच्या प्रगतीवर बोनस, तोही सरासरी वर्षाच्या पगाराच्या 3 टक्के. दोन वर्षांनी गणितात 0.27 आणि भाषेत 0.17 स्टँडर्ड डेव्हिएशनचा फरक पडला.

या स्टँडर्ड डेव्हिएशनला घाबरू नका, पोरांच्या मार्कांतला फरक मोजायची पट्टी आहे ती. शंभर पोरं मार्कांप्रमाणे रांगेत उभी केली, तर 0.27 म्हणजे बरोबर मधलं पोर साधारण दहा जणांना मागे टाकून पुढे सरकतं. त्याच पेपरमध्ये एक गंमत आहे जी बातम्यांमध्ये येत नाही, बोनसमुळे शिक्षकांची हजेरी वाढलीच नाही, जे येत होते ते जास्त जीव लावून शिकवायला लागले, जादा तास, सराव परीक्षा वगैरे. म्हणून आकडा दिसला तरी थांबायचं नाही, तो कशामुळे आला तो परिच्छेद शोधायचा.

आता माझा सगळ्यात लाडका पेपर, 2013 चा, मुरलीधरन आणि बाकी पाच जणांचा. याच आंध्रातल्या काही शाळांना लॉटरीने थेट अनुदान दिलं, मुलामागे वर्षाला साधारण 125 रुपये, ज्यातून जास्त करून वह्या, पाट्या, वर्गातलं साहित्य असलंच आलं. पहिल्या वर्षी पैसे अचानक आले, पालकांना पत्ताच नव्हता, त्यांनी नेहमीप्रमाणे जूनमध्ये वह्या घेतल्याच होत्या, वर शाळेतून आणखी मिळाल्या आणि मार्क वाढले. दुसऱ्या वर्षी घरोघरी माहीत झालं होतं की शाळेतून मिळणारच आहे, मग पालकांनी स्वतःचा खर्च जवळजवळ तेवढाच कमी केला, आणि मार्कांवर परिणाम शून्य. शाळेने पैसे नीट खर्च केले, कुणी खाल्ले नाहीत, तरी शून्य. आता याला योजना फसली म्हणायचं का? मी नाही म्हणणार. ज्या घरात ते पैसे वाचले तिथे तेल आलं असेल, औषध आलं असेल, म्हणजे घराला मदत झालीच. फक्त तिला 'शिक्षणाचा दर्जा सुधारणारी योजना' म्हणू नका. तेव्हा कुठलाही पेपर वाचताना बाजूला लिहून ठेवा, सरकारने रुपया टाकल्यावर कुणी आपला रुपया काढून घेतला? हा प्रश्न डोक्यात बसला की निम्मा पब्लिक फायनान्स, म्हणजे सरकारी पैशाचं अर्थशास्त्र, आलाच.

यानंतर वाचायचं ते पेपरमध्ये काय मोजलेलं *नाही*. इंडोनेशियात शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट करणारी योजना आली, मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी 360 शाळांत अभ्यास केला, 2018 ला छापला. शिक्षक खूश झाले, जोडधंदे कमी झाले, पैशाची चिंता घटली, आणि पोरांचं शिकणं जिथल्या तिथे. यावरून लगेच 'बघा, पगार वाढवून उपयोग नाही' असं कुणी फॉरवर्ड करेल, पण अभ्यास आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांचा आहे. चांगल्या पगारामुळे उद्या हुशार पोरं या नोकरीकडे वळतील का, हे त्यात नाही.

शब्दांची व्याख्याही बघा. 2003 मध्ये मुरलीधरन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासासाठी देशभर सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी दिल्या तेव्हा सुमारे 25 टक्के शिक्षक गैरहजर निघाले, महाराष्ट्रात सगळ्यात कमी, 15 च्या आसपास, झारखंडात 42. आता 'गैरहजर' म्हटलं की आपण दांडी समजतो, पण यात रजेवर असलेला आणि सरकारी कामाला पाठवलेला शिक्षकही मोजलाय. पोराच्या दृष्टीने वर्ग रिकामा हे खरं, पण शिव्या कुणाला द्यायच्या ते बदलतं ना. पुढच्या एका पेपरमध्ये याच गैरहजेरीची किंमत वर्षाला सुमारे 1.5 अब्ज डॉलर काढलीय, आणि नवे शिक्षक भरण्यापेक्षा तपासणी वाढवणं दहा पटीहून जास्त स्वस्तात पडेल असा हिशोब मांडलाय. हा हिशोब आहे, प्रयोग नव्हे, दोन्हीला सारखं वजन देऊ नका. आणि बोनसचा प्रयोग अझीम प्रेमजी फाउंडेशनने चालवला होता, तोच आपल्या तालुक्याच्या ऑफिसने चालवला तर तसाच चालेल का हे पेपर सांगू शकत नाही.

हे सगळं वापरायचं कुठे? पोरगं झेडपी शाळेत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अनुदान कसं वापरलं जातंय यावर लक्ष ठेवणं समितीचं कामच आहे. पुढच्या बैठकीत अनुदानाची नोंद मागा, पैसे कुठल्या महिन्यात आले आणि कशावर गेले ते बघा, मग चारपाच घरांत विचारा की यंदा तुम्ही वह्यांवर गेल्या वर्षीपेक्षा किती कमी खर्च केला.