नवी बॅटरी घेण्याआधी : जुन्या गाडीच्या अल्टरनेटरची तपासणी

जुन्या गाडीचा सेल्फ सकाळी नुसता कण्हू लागला की पहिला आरोप बॅटरीवर येतो, तिच्या जागी नवी बसवली जाते, चार-सहा महिने बरे जातात आणि मग तीही तशीच कण्हू लागते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार इंदूरमध्ये मी अनेक घरांत पाहिला आहे आणि स्वतःही केला आहे. माझ्या 1997 सालच्या मारुती 800 साठी मी एका वर्षात दोन बॅटऱ्या घेतल्या. दोष मात्र बॅटरीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थच्या केबलमध्ये होता. तिचे टोक आतून हिरवे पडून कुजले होते, आणि ती केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ दरात मिळाली. म्हणून येथे जो क्रम दिला आहे, तो खर्चाच्या चढत्या क्रमाने आहे : आधी मोजणे, मग पट्टा, मग तारा, आणि सर्वांत शेवटी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, उघडणे.

शब्दांचा एक घोळ आरंभीच दूर करतो. आपल्या शहरातले बहुतेक मिस्त्री अल्टरनेटरला अजूनही ‘डायनेमो’ आणि त्याचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरला ‘कटआउट’ म्हणतात. खरा डायनेमो जुन्या फियाट आणि अँबेसेडरमध्ये असे, आणि इंजिन मंद गतीने चालत असताना तो जवळजवळ चार्ज करत नसे. अल्टरनेटर इंजिन नुसते चालू ठेवले तरी वीज बनवतो, कारण त्याच्या आत प्रत्यावर्ती वीज तयार होते आणि डायोडांच्या, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या, जाळीतून ती एकदिश होऊन बाहेर पडते. नाव जुने राहिले याला हरकत नाही. त्या काळाची एक सवय मात्र अजून टिकून आहे, आणि ती घातक आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची एक केबल काढायची आणि गाडी चालू राहिली तर ‘डायनेमो ठीक है’ असा निकाल द्यायचा, हीच ती सवय. अल्टरनेटरच्या गाडीत असे केल्यास बॅटरीचा आधार एकाएकी सुटतो आणि व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते, त्यामुळे धड असलेले डायोड, रेग्युलेटर आणि इंजेक्शनच्या गाडीतला कंट्रोल युनिटही जळू शकतो. मिस्त्रीचा हात केबलकडे वळताना दिसला, तर त्याला नम्रपणे पण ठामपणे थांबवावे.

त्याऐवजी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, बॉनेट उघडून, काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली गेली असेल तर ती आधी बाहेरच्या चार्जरवर भरून घ्यावी, कारण अर्धमेल्या बॅटरीवर केलेली पुढची कोणतीही परीक्षा भरवशाची नसते. नंतर सहायकाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. तो 9.6 च्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरीच थकली आहे किंवा सेल्फ वाजवीपेक्षा जास्त वीज ओढत आहे. शेवटी इंजिन चालू करून, वेग किंचित वाढवून वाचन घ्यावे. ते 13.8 ते 14.5 व्होल्ट यांच्या दरम्यान असावे. बॅटरीचे मूळचेच 12.5 दिसत राहिले, तर अल्टरनेटर काहीच देत नाही. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे, आणि अशा गाडीत बॅटरीचे पाणी वारंवार आटते व हेडलाइटचे बल्ब लवकर उडतात.

या आकड्यांना माळव्याच्या हवेची जोड द्यावी लागते. रेग्युलेटर तापला की जाणूनबुजून व्होल्टेज थोडे उतरवतो, कारण गरम बॅटरीला तेवढेच पुरते. मे महिन्यात भर दुपारी, राजवाड्याच्या गर्दीतून तासभर सरपटत आलेल्या गाडीत 13.6 दिसले, तर तो दोष समजू नये. जानेवारीच्या पहाटे थंड इंजिनावर तेच 13.6 दिसले, तर मात्र पुढे शोध घ्यावा. याच कारणाने तुलना नेहमी थंड इंजिनाच्या वाचनांशीच करावी.

इतके मोजून झाले की भार टाकून पाहावे. मोठे हेडलाइट, ब्लोअर पूर्ण वेगाने, वायपर, मागचा डिफॉगर असेल तर तोही, हे सारे एकदम चालू करून इंजिन जरा वाढवावे. आकडा 13.2 च्या खाली घसरत असेल, तर अल्टरनेटर आपला पूर्ण प्रवाह देत नाही, किंवा गाडीत त्याच्या कुवतीबाहेरचा भार जोडलेला आहे. दुसरी शक्यता जुन्या गाड्यांत नेहमी विसरली जाते. मूळ 60/55 वॅटचे दोन बल्ब खालच्या झोतावर (लो बीम) 110 वॅट, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास घेतात. पण आधीच्या मालकाने 100/90 वॅटचे बल्ब आणि एखादा मोठा अँप्लिफायर बसवलेला असेल, तर लहान गाडीचा अल्टरनेटर रोज रात्री तुटीतच चालतो. तेथे दुरुस्ती अल्टरनेटरची नसते, ती बल्बांची असते.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पुष्कळ सांगतो, फक्त तो वाचता आला पाहिजे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब उडाला आहे, तार तुटली आहे किंवा अल्टरनेटरमधले कार्बन (त्याच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश) झिजून वेगळे पडले आहेत. बऱ्याच जुन्या गाड्यांत याच दिव्यातून येणाऱ्या वीजेवर अल्टरनेटर पहिल्यांदा ‘जागा’ होतो, त्यामुळे एका फालतू बल्बामुळे चार्जिंग बंद पडल्याची उदाहरणे आहेत. इंजिन चालू असताना तो पूर्ण तेजाने पेटलेला असेल तर चार्जिंग बंद आहे. मंद लुकलुकत असेल तर डायोडांवर संशय घ्यावा. पण हा दिवा विझलेला असणे म्हणजे सर्व आलबेल असणे नव्हे, कारण निम्म्या ताकदीने चालणारा अल्टरनेटर त्याला कळत नाही.

आता पट्ट्याकडे वळू, कारण अर्धी प्रकरणे तेथेच मिटतात. थंड इंजिनावर पहिल्या मिनिटात किंवा हेडलाइट लावताक्षणी किंचाळणारा पट्टा ढिला असतो किंवा काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. इंजिन बंद करून, दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने जोर दिल्यास तो साधारण 10 मिलिमीटर दबावा. आतल्या बाजूला भेगा, सुटलेले धागे किंवा इंजिनाच्या तेलाचा ओशटपणा दिसला तर तो बदलावाच. तेलाने भिजलेला पट्टा ताणून काही उपयोग होत नाही. ताण देताना अल्टरनेटरच्या अॅल्युमिनिअमच्या अंगाला लोखंडी पहार लावू नये, लाकडी ठोकळा वापरावा. पट्टा अति ताणल्यास बेअरिंग लवकर जाते, आणि मारुती 800 सारख्या गाडीत तोच पट्टा वॉटर पंपही फिरवत असल्याने त्याचीही बेअरिंग जाते. नवा पट्टा दोन-तीनशे किलोमीटरनंतर थोडा सैल होतो, तेव्हा तो पुन्हा पाहावा.

तारांची परीक्षा मिस्त्री क्वचितच करतात, आणि माझे दोन बॅटऱ्यांचे पैसे तेथेच बुडाले. सर्व दिवे चालू, इंजिन चालू, अशा स्थितीत मल्टिमीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टर्मिनलवर ठेवावे. मधला फरक 0.3 व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर त्या वाटेत कोठेतरी गंज किंवा ढिलाई आहे. मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर; येथे 0.2 पेक्षा जास्त नसावे. माझ्या गाडीत हा आकडा 0.9 निघाला होता. अल्टरनेटर बिचारा 14.2 देत होता, आणि बॅटरीपर्यंत 13.3 पोहोचत होते.

बॅटरी रात्रीतून उतरते, पण दिवसा चार्जिंग मात्र बरोबर दिसते, अशा गाडीत गळका डायोड असू शकतो. त्याच्या दोन खुणा आहेत. पहिली, गाडी काही तास उभी राहून इंजिन पूर्ण थंड झाल्यावरही अल्टरनेटर हाताला कोमट लागतो. दुसरी, इंजिन चालू असताना मल्टिमीटर एसी (प्रत्यावर्ती) व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलांवर मोजल्यास अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वाचन येते. जंप केबल उलटी जोडली गेल्यानंतर लगेच असे झाले असेल, तर आणखी शोधत बसण्याची गरज नाही.

अल्टरनेटर काढायचाच ठरला, तर बॅटरीची ऋण केबल आधी सोडावी. मागची जाड तार किल्ली बंद असतानाही जिवंत असते आणि पाना बॉडीला लागला की मोठी ठिणगी उडते. तारांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बाहेर काढल्यावर हाताने फिरवून खरखर ऐकावी. कार्बन झिजलेले असण्याची खूण अशी, की गाडीवर असताना लाकडी मुठीने हलके ठोकले तर चार्जिंग क्षणभर परत येते. कार्बन आणि बेअरिंग यांपुरताच दोष असेल, तर जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्ती करून घेणे हेच शहाणपणाचे आहे, आणि आपल्या शहरात ही कला अजून शाबूत आहे. तांब्याचे वेटोळे काळे पडून जळका वास येत असेल, तर मात्र रिवाइंडिंगच्या मोहात न पडता पूर्ण नवा किंवा खात्रीचा रिकंडिशन केलेला अल्टरनेटर घ्यावा. दुकानदाराकडून जुने भाग परत मागावेत आणि तो बेंचवर चालवून, आकडा दाखवूनच गाडीत बसवायला सांगावे.

एक इशारा डिझेल गाडीच्या मालकांसाठी आहे. अनेक जुन्या भारतीय डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. तेथे पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते आणि पेडल दगडासारखे होते. तसेच नवा अल्टरनेटर घेताना पंपासहित आहे का, आणि त्याचा तेलाचा पाइप नीट बसला का, हे पाहावे.

नाशिक-पुण्याकडे निघालेली इंदूरची मराठी कुटुंबे महू सोडून मानपूरचा घाट उतरत असताना लाल दिवा पेटला, तर काय करावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. आधी तापमानाचा काटा पाहावा आणि सुरक्षित जागी थांबून बॉनेट उघडावे. पट्टा तुटला असेल आणि तोच वॉटर पंप फिरवत असेल, तर पुढे एक किलोमीटरही जाऊ नये. पट्टा जागेवर असेल तर इंजिन बंद करू नये, कारण पुन्हा सेल्फ मारण्याइतकी वीज उरेलच असे नाही. एसी, ब्लोअर, संगीत बंद करावे. कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी दिवसा चार-पाच अँपिअरवर चालते, त्यामुळे 35 अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी दोन-तीन तास सहज नेते, आणि खलघाट ओलांडून एखादे गाव गाठता येते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप व कंट्रोल युनिटमुळे हा अवधी निम्म्याहूनही कमी होतो. रात्री हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा धरून भार 20 अँपिअरच्या पुढे जातो, तासाभराच्या आत दिवे पिवळे पडू लागतात, आणि घाटात ट्रकांच्या रांगेत बिनदिव्याची गाडी हा जिवाशी खेळ आहे. रात्र असेल तर पहिल्या उजेडाच्या ढाब्यावर थांबून सकाळची वाट पाहावी.

घरी परतल्यावर पूर्ण उतरलेली बॅटरी दुरुस्त अल्टरनेटरवर भरण्याचा प्रयत्न करू नये. रिकामी बॅटरी कित्येक तास जास्तीत जास्त प्रवाह ओढते आणि नवेच बसवलेले डायोड तापवते. ती बाहेरच्या चार्जरवर रात्रभर ठेवून, नंतर गाडीत बसवून, थंड इंजिनावर पहिले वाचन घ्यावे आणि तारखेसह ते ग्लोव्ह बॉक्समधल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे. माझ्या चिठ्ठीवर सध्या शेवटचा आकडा 14.1 आहे.