उन्हाळ्यापूर्वी सर्व्हर खोलीची तयारी

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि त्याच्या तोंडावरच ३१ मार्चची हिशेबअखेर येते. त्यामुळे टॉवेल कारखाना असो, सूतगिरणी असो वा पतसंस्था, जिथे सगळे कामकाज दोन-तीन होस्टवरील (प्रत्यक्ष सर्व्हर यंत्रांवरील) व्हर्च्युअल मशीनवर (त्या यंत्रांत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांवर) चालते तिथे पुढील तयारी फेब्रुवारी संपण्याआधी उरकावी. मार्चमध्ये लेखा विभाग यंत्रणेला हात लावू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

सर्वप्रथम प्रत्येक व्हर्च्युअल मशीनची नोंद कागदावर उतरवावी. ती काय काम करते, कोणत्या होस्टवर असते, तिच्या डिस्क किती मोठ्या आहेत आणि ती कोणत्या मशीननंतर सुरू झाली पाहिजे, एवढे तरी त्यात असावे. किती तासांचा डेटा गेला तर चालेल आणि किती तास काम बंद राहिले तर चालेल, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र विभागप्रमुखांकडूनच लिहून घ्यावीत. पाळीचे उत्पादन रजिस्टरवरून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरता येते. पण बिलिंगची मशीन बंद पडली की ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो.

ही नोंद कागदावरच का हवी, ते मी एका मे महिन्यात दुपारी शिकलो. मी काम करत होतो त्या ठिकाणी वीज गेली, जनरेटर व्यवस्थित सुरू झाला, पण खोलीतील एसी रिमोट दाबल्याशिवाय पुन्हा चालू होणारा नव्हता आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. खोली तापली आणि होस्ट एकामागून एक बंद पडले. ते पुन्हा सुरू केले तेव्हा डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचे लॉगिन तपासणारी) आणि डीएनएस (यंत्रांच्या नावांवरून पत्ते सांगणारी) ही दोन्ही व्हर्च्युअल मशीन बंदच होती, व्हीसेंटरचे (व्हीएमवेअर कंपनीच्या, सगळे होस्ट एका जागेवरून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) लॉगिन त्याच डोमेनवर अवलंबून होते, आणि होस्टच्या रूट (सर्वाधिकारी) पासवर्डची फाइल ज्या फाइल सर्व्हरवर होती तोही व्हर्च्युअलच होता. पासवर्ड अखेर नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या जुन्या डायरीत मिळाला. बॅकअप शाबूत असूनही चार तास आम्ही दाराबाहेर उभे राहिल्यासारखे होतो.

म्हणून एक बंद पाकीट तयार करावे आणि ते रोखपालाच्या तिजोरीत ठेवावे. त्यात होस्ट व स्टोरेजचे आयपी पत्ते, रूट पासवर्ड, बॅकअपच्या एन्क्रिप्शनची किल्ली, नेटवर्क स्विचच्या व्हीलॅनची (एकाच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागांची) मांडणी, लायसन्सच्या फाइल आणि हायपरव्हायझरच्या (होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चालू आवृत्तीचा इन्स्टॉल करण्याजोगा पेन ड्राइव्ह असावा. बॅकअप सर्व्हरही स्वतंत्र यंत्रावर, डोमेनबाहेर आणि वेगळ्या खात्यावर असावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइल अडवणाऱ्या घातक प्रोग्रामने) जगभरातील व्हीएमवेअरच्या होस्टवर थेट व्हर्च्युअल मशीनच्या फाइलच कुलूपबंद केल्या. ज्या त्रुटीतून तो शिरल्याचे सांगितले गेले तिची दुरुस्ती दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध झाली होती. त्यामुळे होस्टवरील अपडेट तपासणे, होस्टच्या व्यवस्थापनाचे पोर्ट इंटरनेटवरून बंद करणे आणि त्यासाठी वेगळे नेटवर्क ठेवणे ही कामेही फेब्रुवारी संपण्याआधीच करावीत. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर लायसन्सची पद्धत बदलली आणि अनेक जण प्रॉक्समॉक्सकडे (त्याच कामाच्या मुक्त-स्रोत पर्यायाकडे) वळण्याचा विचार करत आहेत. तो विचार जरूर करावा, पण ते स्थलांतर उन्हाळ्याच्या तोंडावर हाती घेऊ नये.

बॅकअपच्या बाबतीत तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हा जुना नियम आजही पुरतो. फक्त त्यातील एक प्रत ठरावीक काळ कोणालाही, आपल्यालासुद्धा, पुसता येणार नाही अशी असावी. स्नॅपशॉटला (मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणाऱ्या नोंदीला) बॅकअप समजू नये, कारण तो मूळ डिस्कवर अवलंबून असतो आणि बहुधा त्याच डेटास्टोअरमध्ये (मशीनच्या फाइल साठवण्याच्या जागेत) वाढत जातो. एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक ठेवू नये अशी खुद्द व्हीएमवेअरची सूचना आहे. तेव्हा विसरलेले स्नॅपशॉट शोधून काढून टाकावेत. दुसरी प्रत पुण्याला ठेवायची असेल तर आधी गणित करावे. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून १ टीबी डेटा जायला, वाटेत काही अडले नाही तरी, सुमारे २२ तास लागतात. म्हणून पहिली पूर्ण प्रत एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर गाडीने न्यावी आणि पुढे रोज रात्री बदललेले ब्लॉक (डिस्कवरील डेटाचे तुकडे) तेवढे पाठवावेत.

सर्वांत जास्त वेळ रिस्टोअरच्या तालमीला द्यावा. बॅकअपच्या पडद्यावरील हिरवी खूण एवढेच सांगते की नक्कल झाली. त्या नकलेतून मशीन उठते की नाही, हे तिला ठाऊक नसते. बाहेर कुठेही न जोडलेले वेगळे नेटवर्क करावे, त्यात आधी डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग बिलिंग अशा क्रमाने मशीन उठवाव्यात, आणि लेखापालांना शेजारी बसवून कालचे शेवटचे व्हाउचर उघडायला सांगावे. पहिल्या क्लिकपासून ते व्हाउचर दिसेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजावा आणि विभागप्रमुखांनी लिहून दिलेल्या तासांशेजारी लिहावा. दोन आकडे जुळत नसतील तर ते फेब्रुवारीतच व्यवस्थापनासमोर मांडावेत.

उष्णता आणि विजेचे काम त्यामानाने सरळ आहे. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत राहावी. एसी वीज आल्यावर आपोआप सुरू होतो का, हे मेन स्विच पाडून पाहावे. कापड कारखान्यात हवेत उडणारे सुताचे तंतू जाळ्यांवर नमद्यासारखे साचतात, तेव्हा एसीचे आणि सर्व्हरचे फिल्टर दर पंधरवड्याला उघडावेत. यूपीएसच्या बॅटऱ्या खऱ्या भारावर तपासाव्यात; शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे ढोबळमानाने निम्मे होते. बंद करताना आधी मशीन, मग होस्ट आणि शेवटी स्टोरेज, तर सुरू करताना याच्या उलट, हा क्रम दारावर चिकटवावा. तापमानाचा इशारा देणारे उपकरण स्वतंत्र असावे आणि ते स्वतःच्या सिमवरून एसएमएस पाठवणारे असावे.

पासवर्ड बदलला की त्याच दिवशी दोघांच्या सह्यांनी जुने पाकीट फाडून नवे ठेवावे आणि त्यावर तारीख घालावी.