किल्ट घेताना या चुका टाळा: दुकानातला आयता आणि हाताने शिवलेला

जीन्सवर ३४ लिहिलंय म्हणून किल्ट ३४ चा मागवू नका. मी एडिंबरात किल्ट, म्हणजे स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा घागऱ्यासारखा चुण्यांचा पोशाख, शिवते आणि दुरुस्तही करते. लग्नसराई आणि पदवीदानाचे दिवस आले की दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक किल्टांचं दुखणं या एका आकड्यापाशी सुरू झालेलं असतं.

जीन्स कमरेच्या हाडावर बसते, कधी त्याच्याही खाली. किल्ट बसतो बेंबीच्या पातळीला आणि तिथून गुडघ्याच्या वाटीपर्यंत येतो. शिवाय जीन्सवरचा आकडा कंपनीच्या मर्जीचा असतो. ३२ ची जीन्स घालणाऱ्या माणसाची बेंबीवरची कंबर टेपने ३५-३६ इंच भरते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. म्हणून मी कुणालाही साइज विचारतच नाही. सुती नाडी घेते, कमरेला सैल बांधते आणि माणसाला एका बाजूला वाकायला सांगते. जिथे घडी पडते, तिथे नाडी आपोआप बसते. तीच किल्टची कंबर. मग नितंबांचा सर्वांत रुंद घेर, मग नाडीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत उंची. मापं दुसऱ्याने घ्यायची आणि ज्याची घ्यायची त्याने समोर बघायचं. स्वतःची उंची स्वतः मोजायला वाकलात की माप चुकलंच. तयार किल्ट घालून ताठ गुडघे टेकले, तर खालची कड जमिनीला जेमतेम लागावी किंवा बोटभर वर राहावी.

स्कॉटलंडमधल्याच पर्थजवळच्या एका लग्नाचं सांगते. मुलगी पुण्याची, मुलगा इथला. नवऱ्याकडचे सगळे किल्टमध्ये येणार, म्हणून मुलीच्या दोन मावसभावांनाही हौस आली. हौस चांगलीच, मला त्याचं कौतुकच आहे. पण लग्नाच्या दोन दिवस आधी रॉयल माइल या एडिंबरातल्या पर्यटकांच्या रस्त्यावरच्या एका दुकानात शिरून त्यांनी हँगरवरचे दोन किल्ट उचलले, साइज जीन्सची सांगितली आणि आदल्या संध्याकाळी पिशवी घेऊन माझ्याकडे आले. किल्ट बेंबीपर्यंत चढतच नव्हते. हाडावर अडकले होते आणि खालची कड गुडघ्याच्या चार बोटं खाली. कंबर सैल करावी म्हणून उलटं करून पाहिलं, तर आत सोडायला कापडच नव्हतं. कमरेला बांधायचा बकलचा पट्टा एकाच पदरावर मशीनची एक शिवण मारून लावलेला. थोरल्याने हॉटेलमध्ये कडक इस्त्री फिरवली होती. कापड अॅक्रिलिकचं, त्यामुळे पुढच्या पाळीवर (समोर एकावर एक येणाऱ्या दोन सपाट भागांतल्या वरच्यावर) तळहाताएवढा चकचकीत डाग पडला होता. तो कशानेही जात नाही. मी पट्टे काढून आतून जाड कापडाची पट्टी दिली आणि पुन्हा लावले. त्या रात्री त्याहून जास्त काही शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी ‘केली’ म्हणजे स्कॉटिश समूहनाचांच्या कार्यक्रमात ‘स्ट्रिप द विलो’ हा नाच सुरू झाला. त्यात हात धरून जोरात गिरक्या घ्यायच्या असतात. धाकट्याचा पट्टा टिकला, पण त्याच्या शेजारचं कापडच फाटलं. बहिणीच्या लग्नात पोरगा उरलेली संध्याकाळ कमरेला कोट बांधून बसला. त्या पैशांत थोडी भर घातली असती, तर कोट, स्पोरन (किल्टपुढे कमरेला लटकवायची पिशवी), मोजे, बूट यांसकट पूर्ण पोशाख दोघांनाही भाड्याने मिळाला असता. इथे नवरेसुद्धा लग्नात किल्ट भाड्यानेच घालतात, त्यात कमीपणा काहीच नाही. चांगला विकत घ्यायला पैसे नसतील तर भाड्याने घ्या. मधला रस्ता म्हणून वाईट किल्ट विकत घेऊ नका.

दुसरी चूक म्हणजे ‘आठ वारी’ या चिठ्ठीवर विश्वास ठेवणं.

आठ वार म्हणजे सव्वासात मीटरहून थोडं जास्त कापड. दुहेरी पन्ह्याचं चार वार कापड मधून उभं फाडतात आणि दोन्ही लांब्या जोडतात. किल्टचं लोकरी कापड साधारण १३ किंवा १६ औंसांचं असतं, म्हणजे दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं वजन तितकं. चार वारांचं गणित केलं की १३ औंसांचा किल्ट दीड किलोच्या आसपास आणि १६ औंसांचा पावणेदोनच्या वर जातो. हातात घेतलेला ‘आठ वारी’ किल्ट टॉवेलइतका हलका लागला, तर चिठ्ठी खोटी आहे किंवा कापड भलतंच आहे. शंका वाटली तर खालच्या कडेला प्रत्येक प्लीटच्या आतबाहेर टेप फिरवून मोजा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

नंतर किल्ट उलटा करा. पैठणी घेताना पदर उलटून मागची बाजू बघता ना, तसंच. चांगल्या किल्टमध्ये अस्तराखाली कॅनव्हास लागतो आणि पट्ट्यांचा ताण त्याच्यावर येतो. प्रत्येक प्लीट नितंबांपासून कमरेकडे थोडी थोडी निमुळती होत जाते आणि तेवढा भाग हाताने बारीक टाक्यांनी शिवलेला असतो. आठ वारात पंचवीस-तीस प्लीट्स बसतात. प्रत्येकीची रुंदी वर वेगळी, खाली वेगळी, आणि तरीही मागून पाहिलं तर टार्टनची (कापडावरच्या रंगीत चौकटींच्या नक्षीची) चौकट अखंड दिसली पाहिजे. लष्करी पद्धतीत चौकटीऐवजी प्रत्येक प्लीटवर टार्टनचा एकच रंगीत पट्टा आणतात, तेही तितकंच नेमकं असावं लागतं. वीस तासांच्या आसपास हातशिलाई लागते ती इथे. बाजारू किल्टच्या प्लीट्स वरपासून खालपर्यंत सरळ असतात, म्हणून कमरेत बोंगा येतो आणि मागे टार्टनचे पट्टे एकमेकांना चुकतात. आणखी एक खूण: लोकरी किल्टची खालची कड ही कापडाची मूळ किनार असते, ती दुमडून शिवत नाहीत. दुमड दिसली की पुढचं सगळं नीट तपासा.

स्वस्त किल्टांपैकी बरेच पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये तयार होतात. तिथल्या कारागिरांशी माझं भांडण नाही. मागितलेल्या भावात मागितलेला माल ते देतात. माझा राग आहे तो त्यावर ‘स्कॉटलंडमध्ये डिझाइन केलेला’ असं मोठ्या अक्षरात छापून विकणाऱ्यांवर. ब्रिटनमध्ये कापडात कोणता धागा किती हे लेबलवर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. तेवढी एक ओळ वाचा, बाकीचं सोडून द्या. पॉली-व्हिस्कोसचा किल्ट डोंगर चढायला घेणार असाल तर खुशाल घ्या, फक्त लोकरीचा म्हणून लोकरीच्या भावात घेऊ नका.

आता भराभर.

किल्टपिन, म्हणजे समोर लावायची शोभेची पिन, वरच्या एकाच पाळीला लावा. दोन्ही पाळ्या एकत्र टोचल्या की पहिल्याच बसण्याउठण्यात कापड फाटतं.

वॉशिंग मशीन नाही. कधीच नाही.

टार्टन स्कॉटिश कुळांच्या नावांनी ओळखले जातात, पण ‘आमच्या आडनावाचा टार्टन नाही’ म्हणून अडून बसू नका. कोणता टार्टन घालावा यावर कायदा नाही. ब्लॅक वॉच किंवा रॉयल स्ट्युअर्ट कुणीही घालतं. बाल्मोरल मात्र राजघराण्यापुरता राखलेला आहे, तेवढा टाळा. कुळांच्या टार्टनचं आजचं बरंचसं कोष्टक १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्यानंतरच पक्कं झालं.

मोज्यात खोचायची स्गियन डू ही सुरीच आहे. परत जाताना ती केबिन बॅगेत ठेवू नका.

पुढच्या आठवड्यात शिवून मिळेल का, असं विचारू नका. हातशिलाईला सहा-आठ आठवडे लागतात, उन्हाळ्यात जास्त. जो चार दिवसांत देतो म्हणतो तो हाताने शिवत नाही, आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकामुळेच अशा दुकानांचं फावतं. हाताने किल्ट शिवण्याची कला ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ या संस्थेने धोक्यातल्या कलांच्या यादीत घातली आहे. माझ्या शेजारी बसून शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशीच मशीनवर प्लीट्स मारायच्या असतात. मी त्यांना आधी नुसत्या घड्या घालून उसवायला लावते.

पैसे कमी आणि हौस मोठी असेल तर माझं आवडतं उत्तर जुना किल्ट हे आहे. इथल्या चॅरिटीच्या दुकानांत कुणाच्या आजोबांचा हाताने शिवलेला लोकरीचा किल्ट अधूनमधून सापडतो, बाजारू नव्याच्या जवळपासच्या किमतीत. बकल सरकवून कंबर दोन-तीन इंच कमीजास्त करता येते. आत कापड राखलेलं असेल तर त्याहूनही जास्त. उंची मात्र वाढत नाही, म्हणून ती आधी मोजा. किल्ट उजेडासमोर धरून कसर लागलेली भोकं शोधा, विशेषतः प्लीट्सच्या आत, जिथे वर्षानुवर्षं हवा पोचलेली नसते. एखादं भोक रफू होतं. चाळणी झाली असेल तर परत ठेवा. घरी आणल्यावर प्लीट्सना खालपर्यंत कच्चा टाका घाला, वर ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबा, फिरवू नका, आणि पूर्ण गार झाल्यावरच टाका उसवा.