छोट्या आयएसपीवाल्यांनो, अपस्ट्रीम आणि पिअरिंगमधल्या या चुका टाळा

दोन अपस्ट्रीम (ज्यांच्याकडून आपण इंटरनेट घेतो त्या मोठ्या कंपन्या) घेतले आणि बीजीपी (कुठला पत्ता कुठल्या रस्त्यानं मिळतो ते, म्हणजे रूट, नेटवर्क एकमेकांना सांगतात ती पद्धत) चालू करायचं ठरवलं, तर सेशन अप व्हायच्या, म्हणजे ही जोडणी सुरू व्हायच्या, आधी आउट फिल्टर (आपण बाहेर कुठले रूट सांगायचे त्याचे नियम) लावा. आधी म्हणजे आधीच, "उद्या लावतो" असलं काही नको. सोलापुरात केबलच्या धंद्यातून इंटरनेटमध्ये आलेल्या किती जणांना हे सांगितलं त्याचा हिशोब नाही, तरी दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तेच करतंय.

जुळे सोलापूरच्या एका पोराचा रात्री साडेदहाला फोन, "दादा, सगळं नेट बसलंय, राउटरचा सीपीयू शंभरवर आहे, तीनदा रिबूट मारला." गेलो. दोन कंपन्यांकडून एकेक जीबीपीएसच्या लिंक, दोघांकडून पूर्ण रूट टेबल (अख्ख्या इंटरनेटच्या रूटची यादी) घेतलेलं, आणि आउट फिल्टर रिकामा. झालं काय, तर त्याचा मायक्रोटिक राउटर पहिल्या कंपनीकडून शिकलेले सगळे रूट दुसऱ्या कंपनीला सांगत बसला, म्हणजे अख्खं इंटरनेट माझ्यातून जातं म्हणून. आता अपस्ट्रीम कंपन्या ग्राहकाकडून आलेल्या रूटला आधी पसंती देतात कारण तिथं पैसे मिळतात, त्यामुळं कुठल्या कुठल्या गावचं ट्रॅफिक विजापूर रोडवरच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत यायला लागलं आणि एक जीबीची लिंक तुंबली. समोरच्या कंपनीनंही मॅक्स प्रीफिक्सची (ग्राहकाकडून जास्तीत जास्त किती रूट घ्यायचे याची) मर्यादा लावलेली नव्हती, नाहीतर सेशन आपोआप पडलं असतं आणि एवढा घोळ झालाच नसता. पोरगं म्हणतंय, "व्हिडिओत फिल्टरचं काही दाखवलं नव्हतं." अरे, दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून चारशे घरांचं नेट चालवायला घेऊ नये, मला याचा खरंच राग येतो, कारण त्या घरांत कुणाची परीक्षा असते, कुणाचं रात्रीचं काम असतं.

माझी सवय अशी आहे की फिल्टरची शेवटची ओळ आधी लिहायची, सगळं नाकारा. मग तिच्या वर फक्त आपला स्वतःचा प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचा गट). मग सेशन चालू करायचं, राउटरवर आपण बाहेर काय सांगतोय ते बघायचं, आणि अपस्ट्रीमच्या लुकिंग ग्लासवर (त्यांच्याकडचे रूट दाखवणाऱ्या वेबपानावर) जाऊन त्यांना काय दिसतंय तेही बघायचं. अर्धा तास जातो, जाऊ दे. आरओए (आपले पत्ते कुठलं नेटवर्क जाहीर करू शकतं याची अधिकृत नोंद) पण करून ठेवा. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमनं देशात यूट्यूब बंद करायला म्हणून यूट्यूबच्या पत्त्यांचा /२४ चा (२५६ पत्त्यांचा) रूट टाकला, तो हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूनं न गाळता पुढं जगाला दिला, आणि यूट्यूबचा स्वतःचा रूट /२२ चा (१०२४ पत्त्यांचा) असल्यामुळं बारीक रूट जिंकला, कारण राउटर छोट्या गटाचा रूट आधी धरतात. साधारण दोन तास जगभर यूट्यूब गायब. बीजीपी विश्वासावर चालतं, त्यामुळं गाळणं आपल्याच हातात आहे.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जास्त टोचते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक घेतल्या आणि निवांत झोपलो. एका दुपारी मोहोळच्या बाजूला जेसीबीनं खोदलं आणि दोन्ही लिंक एकाच सेकंदाला गेल्या. बिलं दोन, खड्डा एक. दोघांचीही फायबर पुणे हायवेला एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) होती आणि विकताना कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. सात तास ग्राहकांच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून सही करायच्या आधी रूटचा नकाशा मागतो, गाडी काढून शहराबाहेरपर्यंत चेंबर बघत जातो, आणि दुसरी लिंक हैदराबादच्या बाजूनं घेतलीय. महाग पडते, तरी घेतलीय.

एकाच कंपनीवर बसणाऱ्यांनी २००५ चा ऑक्टोबर आठवावा, लेव्हल थ्री आणि कॉजंट या दोन मोठ्या नेटवर्क कंपन्यांचं पिअरिंगवरून (एकमेकांचं ट्रॅफिक थेट जोडणीनं घेण्या-देण्यावरून) भांडण झालं, लेव्हल थ्रीनं जोडणी तोडली, आणि फक्त एकाच बाजूला असलेल्या ग्राहकांना दुसऱ्या बाजूच्या साइट उघडेनात. त्या ग्राहकांचा काय दोष होता?

पिअरिंग घेतलं म्हणून ट्रान्झिट (अपस्ट्रीमकडून विकत घेतलेला सगळ्या इंटरनेटचा रस्ता) कमी करू नका. निक्सी (देशातल्या नेटवर्कांना एकमेकांशी जोडणारं इंटरनेट एक्सचेंज) २००३ मध्ये आली ती देशातलं ट्रॅफिक देशातच फिरावं म्हणून, तिथं फक्त जोडलेल्यांचे रूट मिळतात, उरलेल्या जगासाठी ट्रान्झिट लागतंच.

स्पीडटेस्टवर विसंबू नका, सर्व्हर बऱ्याचदा अपस्ट्रीमच्याच नेटवर्कात असतो. काही साइट उघडतात काही नाही, असं असेल तर आधी पीपीपीओईचा (ग्राहकाच्या लॉगिन जोडणीचा) एमटीयू (पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) १४९२ आणि एमएसएस (त्यातल्या डेटाचा आकार) बघा. ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर दाखवणाऱ्या चाचणीत) मधल्याच एका हॉपला, म्हणजे राउटरला, लॉस (पॅकेट हरवणं) दिसला आणि पुढं शेवटपर्यंत साफ असेल तर तो लॉस नाही, तो राउटर पिंगला कमी उत्तर देतोय एवढंच. पंचाण्णव पर्सेंटाइलचं (सगळ्यात जास्त वापराची पाच टक्के वेळ सोडून लावलेलं) बिल असेल तर महिन्यातले वरचे साधारण ३६ तास सुटतात, पण रोज रात्री दोन तास लिंक भरली तर महिन्याला साठ होतात, तेव्हा ती सवलत संपली.

आणि अपस्ट्रीमशी भांडताना "नेट स्लो आहे" असं टिकिट टाकू नका, कुणी उघडत पण नाही. सोलापूर-मुंबई सुमारे चारशे किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंद, वळणं आणि राउटर धरून थोडं जास्त. दुपारी आठ मिलिसेकंद दाखवणारा पिंग रात्री नऊला सत्तर मिलिसेकंद दाखवत असेल तर ते अंतर नाही, कुठंतरी पोर्ट भरलंय. रात्री आठ ते अकरा ट्रॅफिकच्या ग्राफचं डोकं सपाट दिसतं का बघा, आणि तुमची लिंक मोकळी असताना तसं होत असेल तर चूक पलीकडं आहे. तीन रात्रींचे एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक राउटरचा पिंग आणि लॉस दाखवणारे अहवाल) काढा, दोन्ही बाजूंनी, कारण परतीचा रस्ता वेगळा असू शकतो. वेळ लिहा, आयपी लिहा. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांखाली ठेवायचं म्हटलं होतं, तो आकडा मी माझ्या प्रत्येक करारात लिहून घेतो, आणि एसएलए (सेवेच्या दर्जाची लेखी हमी) नक्की कुठल्या पोर्टपर्यंत लागू आहे तेही. हे कागद नसतील तर उद्या प्रकरण टीडीसॅटपर्यंत (दूरसंचारातले वाद सोडवणाऱ्या लवादापर्यंत) गेलं तरी दाखवणार काय? गेल्या वर्षी अकरा पानी ग्राफ पाठवल्यावर माझ्या अपस्ट्रीमनं चार दिवसांत पोर्ट वाढवला, त्याआधी सहा आठवडे फोनवर भांडण चाललं होतं.