आधी क्वेरी मोजा, मग कॅश लावा

पहिल्या नोकरीत माझ्याकडे दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी घेणारी एक साइट आली. जँगोमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या पायथॉनमधल्या एका चौकटीत, लिहिलेली. दिवाळी जवळ आली की गर्दी वाढायची आणि यादीचं पान उघडता उघडत नसे. पानाचा साचा म्हणजे टेम्प्लेट, आणि त्यात माहिती भरून पान तयार करतं ते टेम्प्लेट इंजिन. जँगोचं स्वतःचं इंजिन असतं, पण जिंजा हे दुसरं इंजिन वेगवान आहे असं वाचलं होतं, म्हणून आठवडाभर खपून सगळी टेम्प्लेटं जिंजात लिहून काढली. फरक जाणवलाच नाही.

"डीबग टूलबार लावून बघितलास का?" शेजारी बसणाऱ्या दादाने विचारलं. पान बनताना आत काय काय चालतं ते हा टूलबार दाखवतो. लावला. एका पानाला २०१ क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले २०१ प्रश्न! २०० अंकांची यादी एका क्वेरीत येत होती, पण लूपमध्ये प्रत्येक अंकापुढे प्रकाशकाचं नाव छापायला टेम्प्लेट दर वेळी डेटाबेसकडे धावत होतं. व्ह्यूमध्ये, म्हणजे टेम्प्लेटला माहिती पुरवणाऱ्या कोडमध्ये, सिलेक्ट रिलेटेड (select_related) लिहिलं, प्रकाशक अंकांबरोबर एकाच क्वेरीत आले आणि २०१ ची १ झाली.

म्हणून इंजिन वेगावरून निवडू नका. टेम्प्लेटला हात कोण लावणार ते बघा. आमच्याकडे डिझायनर थेट टेम्प्लेट बदलत, त्यांना जँगोची मुद्दाम मर्यादित ठेवलेली भाषा सोयीची होती. टेम्प्लेटमधून फंक्शनला आर्ग्युमेंट द्यायची असतील तर जिंजा बरं. मात्र जिंजा नुसतं वापरलं तर ऑटोएस्केप, म्हणजे बाहेरून आलेला मजकूर कोड म्हणून न चालवता साधा मजकूर म्हणून दाखवण्याची सोय, बंद असते. जँगो आणि फ्लास्क (पायथॉनमधलीच दुसरी चौकट) ती चालू करून देतात. हे तपासल्याशिवाय साइट लाइव्ह करू नका, नाहीतर अभिप्रायाच्या चौकटीत कोणी टाकलेली स्क्रिप्ट सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये चालेल.

कॅश म्हणजे एकदा केलेलं काम साठवून पुन्हा वापरणं. टेम्प्लेटच्या बाबतीत ती दोन प्रकारची असते, आणि नवखे इथेच गोंधळतात. टेम्प्लेटची फाइल वाचून, पार्स करून (तिची रचना उलगडून) मेमरीत ठेवणं ही एक. ती बिनधोक असते, जँगो १.११ पासून प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लाइव्ह साइटवर, ती आपोआप लागते. तयार झालेलं एचटीएमएल साठवणं ही दुसरी. जपायचं इथे.

पानाच्या वरच्या पट्टीला, म्हणजे हेडरला, मी ६०० सेकंदांचा कॅश टॅग लावला; टेम्प्लेटचा तेवढा तुकडा तेवढा वेळ साठवून ठेवणारी ही खूण. हेडरमध्ये 'नमस्कार' आणि ग्राहकाचं नाव होतं. दहा मिनिटं कितीतरी जणांना एकाच बाईंचं नाव दिसत राहिलं. त्यांचा फोन आला तेव्हा हातपाय गार पडले. नावाऐवजी तिथे पत्ता असता तर? टॅगमध्ये तुकड्याच्या नावापुढे युजरचा आयडी लिहिला असता तर प्रत्येकाची किल्ली, म्हणजे साठवलेला तुकडा ज्या नावाने शोधला जातो ते नाव, वेगळी झाली असती. तेव्हापासून टॅग लिहिण्याआधी त्या तुकड्यातली प्रत्येक ओळ वाचते: हे सगळ्यांना सारखंच दिसणार आहे ना?

किमतीचं दुखणं वेगळं होतं. अंकाची किंमत बदलली, कॅश पुसली, तरी रिफ्रेश केलं की कधी नवी किंमत, कधी जुनी. जँगोची मूळ कॅश प्रत्येक प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) स्वतःच्या मेमरीत राहते आणि आमचे वर्कर, म्हणजे साइट चालवणाऱ्या अशा प्रोसेस, ४ होते. मी पुसली होती ती फक्त एकाची. रेडिस, म्हणजे सगळ्या प्रोसेसना एकत्र वापरता येणारा मेमरीतला साठा, बसवलं, चौघांची कॅश एक झाली. आणि किल्लीत अंकाच्या शेवटच्या बदलाची वेळ घातली. किंमत बदलली की किल्लीच बदलते, त्यामुळे पुसण्याचं काम उरलं नाही.