चर्चेला बसताना आधी विधान ठरवावे

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावी एका रविवारी ग्रामसभेत मोबाईल टॉवरचा विषय निघाला आणि सव्वा तास चालला. एक बाजू म्हणत होती, ‘टॉवरमुळे कॅन्सर होतो.’ दुसरी बाजू म्हणत होती, ‘नेटवर्कसाठी मुलांना डोंगरावर जाऊन बसावे लागते.’ दोन्हीकडची माणसे प्रामाणिक होती, दोन्हीकडची कळकळ खरी होती, आणि तरीही सव्वा तासात एका बाजूच्या एकाही वाक्याला दुसऱ्या बाजूकडून उत्तर मिळाले नाही, कारण एक जण आरोग्याविषयी बोलत होता आणि दुसरा गैरसोयीविषयी. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. चर्चा सुरू होण्यापूर्वी वादातले विधान कागदावर लिहून काढायचे आणि ज्याने ते केले त्याला वाचून दाखवून विचारायचे, ‘तुम्हाला हेच म्हणायचे आहे ना?’

हे काम क्षुल्लक वाटते, पण निम्मा वाद इथेच निवळतो. ‘टॉवरमुळे कॅन्सर होतो’ हे वाक्य लिहून वाचून दाखवले, की बोलणारा बहुधा स्वतःच दुरुस्ती करतो : ‘होतोच असे नाही, होऊ शकतो.’ ही दोन विधाने सारखी नाहीत आणि त्यांना लागणारा पुरावाही सारखा नाही. ‘होऊ शकतो’ या म्हणण्याला आधार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओलहरींचे केलेले वर्गीकरण दाखवले जाते. तिने त्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, हे खरे आहे. मात्र ते गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतात, धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आणि पारंपरिक आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. दुसऱ्या बाजूचे ‘विज्ञानाने काहीच होत नाही हे सिद्ध केले आहे’ हे विधानही तितकेच ढिले असते. या लहरी अणूतले इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतक्या शक्तिमान नसतात, त्यांचा माहीत असलेला परिणाम म्हणजे उष्णता, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने त्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, एवढे नेमकेपणाने सांगता येते.

यात एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. टॉवरपासून अंतर वाढते तशी लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, उलट कानाला लावलेला फोन सिग्नल क्षीण असेल तेव्हा जास्त जोराने प्रक्षेपण करतो. म्हणजे टॉवर लांब असलेल्या गावात डोक्याजवळची मात्रा कमी होण्याऐवजी वाढण्याची शक्यता असते. हे सांगितल्यावर सभेत क्षणभर शांतता पसरते, असा माझा अनुभव आहे. टॉवर कोणाच्या जमिनीवर उभा राहतो, त्यासाठी कोणती झाडे जातात, पंचायतीने लोकांना आधी विचारले का, हे प्रश्न पूर्णपणे रास्त आहेत आणि त्यांना कॅन्सरच्या आधाराची गरज नाही. रास्त तक्रार कच्च्या पुराव्यावर उभी केली, तर पुरावा कोसळताना ती तक्रारही आपल्याबरोबर नेतो. शंका उरलीच तर मोजणी मागावी. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीचा अर्जही करता येतो.

विधान ठरले, की आपण कोणत्या प्रकारच्या बोलण्याला बसलो आहोत हे पाहावे. आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, याचे तीन प्रकार फार पूर्वी सांगून ठेवले आहेत. सत्य समजावे म्हणून दोघांनी केलेली चर्चा तो वाद, जिंकण्यासाठी केलेली तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे फक्त खोडून काढणे ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, पण ‘वाद’ या शब्दाला मात्र भांडणाचा अर्थ चिकटून बसला, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण कशाला बसलो आहोत हे ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो : ‘काय दिसले तर तुम्ही मत बदलाल?’ हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर मोठ्याने सांगावे, मग समोरच्याला विचारावा. कोणाकडेही उत्तर नसेल, तर चहा घेऊन पावसापाण्याच्या गोष्टी कराव्यात. त्यात कमीपणा नाही.

त्यानंतर हेतूकडे, म्हणजे दिलेल्या कारणाकडे वळावे. ‘डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतो’ हे न्यायशास्त्राचे नेहमीचे उदाहरण गोव्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल महिन्यात सत्तरीच्या डोंगरउतारावरून धूर वर येताना दिसला, की काजूची भट्टी लागली हे आपण न पाहता सांगतो. पण हेच अनुमान डिसेंबरच्या पहाटे फसते, कारण तेव्हा झाडांवरून उठते ते धुके असते. म्हणून पहिली तपासणी अशी, की जे कारण म्हणून दाखवले जात आहे ते खरोखर तेच आहे का. दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे. जिथे धूर तिथे आग, हे मान्य केले म्हणून जिथे आग तिथे धूर, हे आपोआप सिद्ध होत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेल्या लालभडक लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. रोजच्या चर्चांतल्या बऱ्याच चुका या उलट्या वाचनाच्या असतात. थोर शोध लावणाऱ्यांना त्यांच्या काळात लोकांनी वेड्यात काढले, मलाही लोक वेड्यात काढतात, म्हणून माझा शोध थोर आहे, असे सांगणारा माणूस प्रत्येक गावात एखादा तरी भेटतो.

आता पाणाड्याचे उदाहरण सविस्तर घेतो, कारण विज्ञान, श्रद्धा आणि अनुभव हे तिन्ही त्यात एकत्र येतात. विहीर किंवा बोअरवेल खणण्यापूर्वी पाणाड्याला बोलावण्याची पद्धत आपल्याकडे आजही आहे. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीवरून चालतो आणि नारळ उभा राहिला की पाय रोवून सांगतो, ‘इथे पाणी.’ घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, ‘हे थोतांड आहे.’ आजोबा म्हणतात, ‘आपल्या विहिरीला पाणी त्यानेच दाखवले.’ दोघेही चुकीच्या जागी उभे आहेत. मुलाने काहीही तपासलेले नाही आणि आजोबांनी तुलना केलेली नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सच्छिद्र जांभ्यात पाणी मुरते. अशा प्रदेशात अनेक ठिकाणी खणले तरी पाणी लागते, म्हणून पाणाड्याने दाखवलेल्या किती जागी पाणी लागले एवढे मोजून भागत नाही, त्याला न विचारता खणलेल्या किती विहिरींना लागले हेही शेजारी मांडावे लागते.

प्रत्यक्ष तपासणी अशी करावी. मोकळ्या जागेचे दोरीने वीस समान चौकोन पाडावेत. पाणाड्याला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने चालू द्यावे आणि त्याने दाखवलेला चौकोन एकाने गुपचूप वहीत टिपून घ्यावा. मग पाणाड्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, त्याला दोन-तीन फेऱ्या मारून दिशेचे भान जाऊ द्यावे आणि वेगळ्या कोपऱ्यातून पुन्हा चालायला लावावे. त्याचा हात धरून नेणाऱ्याला पहिला चौकोन माहीत नसावा, नाहीतर नकळत त्याच्याच हाताचा इशारा मिळतो. निव्वळ योगायोगाने तोच चौकोन पुन्हा येण्याची शक्यता वीसात एक असते. हे चार-पाच वेळा करावे, आणि किती वेळा जुळले तर नारळाचा गुण मान्य करायचा, हे सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी लिहून सही करावी. निकाल पाहून मग अटी बदलण्याला जागा ठेवू नये.

पाणाड्याला लबाड म्हणू नये, असे मी आग्रहाने सांगतो. मनात अपेक्षा असली की स्नायू आपल्याला न कळता हलतात आणि नारळ खरोखरच कलंडतो, त्या माणसाला आपण काही केले असे वाटतसुद्धा नाही. शिवाय वर्षानुवर्षे उतार, झाडे आणि ओलावा पाहिलेल्या माणसाला पाण्याचा खरा अंदाज असू शकतो, ज्याचे श्रेय नारळाला जाते. डोळ्यांवरची पट्टी या दोन गोष्टी वेगळ्या करते.

ही पद्धत नवी नाही. पॅरिसमध्ये मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चा, म्हणजे शरीरातल्या अदृश्य द्रवाला वळण देऊन रोग बरे करण्याच्या पद्धतीचा, बोलबाला झाला, तेव्हा १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. भारलेल्या झाडाजवळ गेले की गुण येतो, असा दावा होता. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला बागेतल्या एकामागून एका झाडापाशी नेले, तेव्हा तो न भारलेल्या चौथ्या झाडापाशीच बेशुद्ध पडला. पुढे त्याच शहरात आपल्या कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया यांनी सांगितले, की संमोहनाचे कारण कोणत्याही अदृश्य द्रवात नसून ज्याला झोप लागते त्याच्याच मनात असते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. फारिया स्वतः धर्मगुरू होते, आणि धर्म व विज्ञान यांचे भांडण अटळच आहे असे कोणी म्हणू लागला, की मला आधी तो पुतळा आठवतो.

श्रद्धेच्या विषयांवर बोलताना विधानाचे दोन भाग वेगळे करणे हे सर्वांत नाजूक काम असते. शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, व्रत पाळून, तळीत स्नान करून, हातात बेत (वेताची काठी) घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. माझ्या ओळखीच्या एका घरात अभियंता झालेला भाचा आपल्या धोंड मामांना म्हणाला, ‘मामा, कोळसा उष्णतेचा मंद वाहक आहे, पाय क्षणभरच टेकतो, म्हणून भाजत नाही.’ भौतिकशास्त्र म्हणून ते बरोबर आहे, तेवढ्याच तापलेल्या लोखंडी पत्र्यावरून कोणालाही असे चालता येणार नाही. मामा मात्र दुखावले आणि दोन दिवस बोलले नाहीत. भाच्याने उत्तर दिले ते ‘पाय का भाजत नाही’ या प्रश्नाचे. मामांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता. ते वर्षभर ज्याची वाट पाहतात ते व्रत, तो उपास, ती रात्र त्यांच्यासाठी काय आहे, याविषयी कोळशाच्या गुणधर्मातून काहीच कळत नाही. अशा वेळी आधी विचारावे, ‘मामा, तिथे उभे असताना तुम्हाला काय वाटते?’ आणि शेवटपर्यंत ऐकावे. मामा स्वतः म्हणाले, की देवीच्या कृपेने कोणाचाही पाय कधीच भाजत नाही, तर ते तपासता येण्याजोगे विधान झाले आणि त्यावर आदराने बोलता येते. शिवाय काही प्रश्न श्रद्धेचेही नसतात आणि भौतिकशास्त्राचेही नसतात. मे २०२५ मध्ये याच जत्रेत चेंगराचेंगरीत माणसे दगावली. गर्दीची वाट किती रुंद असावी, या प्रश्नावर मामा आणि भाचा यांनी एका बाजूने उभे राहायला हवे.

चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली, सारे कुटुंब जमलेले असताना वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोडायला मुळीच घेऊ नये. चारचौघांत माणूस मत बदलत नाही.

‘आपल्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते’ या विधानाला हसण्याचे कारण नाही आणि ते तसेच गिळण्याचेही नाही. हळदीने जखम भरते, यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले. मूळचे माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ते अभिमानाच्या भाषणाने रद्द झाले नाही. हा उपयोग आधीपासून माहीत होता हे दाखवणारे छापील संदर्भ पुढे ठेवल्यामुळे रद्द झाले. पूर्वजांविषयीच्या प्रत्येक दाव्याला हीच मागणी करावी : कोणता ग्रंथ, कोणता काळ, नेमके कोणते वाक्य.

यंत्रांविषयी थोडक्यात. मतदानयंत्रावर बोलताना ‘फेरफार होऊ शकतो’ आणि ‘फेरफार झाला’ ही विधाने वेगळ्या कागदांवर लिहावीत. २०१७ च्या निवडणुकीत गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत कागदी चिठ्ठी दाखवणारे यंत्र जोडलेले होते, म्हणून इथल्या मतदाराला निदान ती चिठ्ठी सात सेकंद स्वतः पाहिल्याचा अनुभव आहे आणि चर्चा त्या अनुभवापासून सुरू करता येते. चर्चेत कोणी ‘ए.आय.ने असे सांगितले’ म्हणाला, तर ते साक्षीदाराचे म्हणणे धरू नये. ते यंत्र शोभेल अशी वाक्ये जुळवते, त्यामुळे त्याने दिलेला संदर्भ स्वतः उघडून त्यात ते वाक्य आहे का हे पाहावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या मजकुराला हाच नियम लावावा.

चर्चा थांबवताना वहीत तीन ओळी लिहाव्यात : कोणते विधान मान्य झाले, कोणते सोडले, आणि कोणते पुराव्याअभावी तसेच राहिले. तारीख घालावी. आमच्या वहीत टॉवरच्या पानावर तिसऱ्या ओळीत ‘मोजणी मागवायची’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाची सही आहे.