लेथचं टूल धारेवरून ओळखा

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी मी त्याला लेथ, म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवून कापायचं मशीन, देत नाही, टूलांचा डबा देतो. पंचवीस-तीस टूलं, तेलात माखलेली, सगळी मिसळलेली. ‘पुसून घे आणि वेगळी लाव’ एवढंच सांगतो. डबा हाताळल्याशिवाय टूल कळत नाही. तुम्हीही नावं पाठ करत बसू नका, धार कुठं आहे ते बघा.

आधी धातू ओळखायचा. तीन किंवा चार सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चौकोनी तुकडा, अख्खा एकाच पोलादाचा असेल तर तो एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील. साध्या दांड्याच्या टोकावर करड्या रंगाचा वेगळा तुकडा पितळी ब्रेझिंगनं बसवलेला दिसला तर ते कार्बाइड. आमच्याकडं त्याला सगळे विडियाच म्हणतात. जर्मनीतल्या क्रुप कंपनीनं ‘व्ही डियामांट’, म्हणजे हिऱ्यासारखं, यावरून ते नाव ठेवलं होतं. तिसरा प्रकार म्हणजे होल्डरवर स्क्रूनं आवळायचा इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारा धारेचा तुकडा.

मग टूल पोस्टवर, म्हणजे टूल आवळायच्या जागी, बांधल्यासारखं धरून बघा. धार डाव्या अंगाला असेल तर ते टेलस्टॉककडून (उजव्या टोकाच्या आधाराकडून) चककडं (डावीकडं जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीकडं) कापत जातं, आणि त्याचं नाव राइट हँड. धार डावीकडं आणि नाव उजवं, इथं बहुतेक पोरं चुकतात. उजवीकडून निघतं ते राइट हँड, असं धरून चाला. टोक ६० अंशांचं असेल तर मेट्रिक आट्यांचं टूल, ५५ असेल तर जुन्या व्हिटवर्थ आट्यांचं. डोळ्यानं ठरवू नका, गेज लावा. पातळ पात्याचं ते जॉब तोडायचं पार्टिंग, लांब दांड्याचं ते भोक मोठं करायचं बोअरिंग.

इन्सर्टच्या डबीवरचा नंबरही वाचता येतो. सीएनएमजी १२०४०८ घ्या. सी म्हणजे ८० अंशांचा चौकट आकार, १२ ही धारेची लांबी, ०४ ही जाडी आणि शेवटचं ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिमी. उलटून-फिरवून याच्या चार धारा वापरता येतात. पण बेल्टवरच्या जुन्या, ढिल्या लेथला शेवटी ०४ असलेला, म्हणजे ०.४ मिमी गोलाईचा घ्या. ०८ च्या गोलाईनं बारीक शाफ्ट थरथरतो आणि जॉबवर लाटा उठतात.

तरी शिकायला एचएसएसच घ्या. ते स्वतः ग्राइंड करावं लागतं आणि तिथंच टूल समजतं. बाजूला आणि पुढं साधारण ८ अंश क्लिअरन्स, म्हणजे धारेखाली आत जाणारा उतार, द्या. क्लिअरन्स कमी पडला की टूल कापत नाही, घासतं, आणि धारेखाली चकचकीत पट्टा दिसतो. ग्राइंड करताना एचएसएस वरचेवर पाण्यात बुडवा. कार्बाइड मात्र तापलेलं बुडवलं की तडकतं, आणि त्याला हिरवा व्हील लागतो.

आता सेंटर हाइट, म्हणजे टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीला आणणं. माझ्या मते नवशिक्याचं निम्मं काम इथंच बिघडतं. मशीन बंद ठेवा. सहा इंची स्टील पट्टी जॉब आणि टूलच्या टोकामध्ये उभी धरा, क्रॉस स्लाइड (टूल जॉबकडं सरकवणारा भाग) हलकेच पुढं घ्या. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. पट्टीचं वरचं टोक तुमच्याकडं झुकलं तर टूल खाली आहे, जॉबकडं झुकलं तर वर आहे. खाली असेल तर पॅकिंग घाला. आम्ही जुन्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे वापरतो. ते टूलच्या पूर्ण लांबीखाली यायला हवेत, नाहीतर आवळताना टूल पुढं वाकतं. फेसिंग केल्यावर, म्हणजे जॉबचं टोक सपाट कापल्यावर, मधे बारीक टोक उरलं तर सेंटर अजून जुळलेलं नाही.

टूल बाहेर किती काढायचं, हे मला १९९८ साली कळलं. ४० मिमीचा ईएन-८ पोलादाचा शाफ्ट पार्टिंग टूलनं तोडत होतो. २२-२३ मिमी पुरलं असतं तिथं पातं ५० मिमी बाहेर होतं. पातं खाली दबलं, जॉबमध्ये घुसलं आणि तुटलं. तुकडा माझ्या भुवईला लागला. तेव्हापासून चष्म्याशिवाय मी ग्राइंडरजवळही कुणाला उभं राहू देत नाही. साधं टूल दांड्याच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त बाहेर नको.

स्पीडचं गणित सोपं आहे: कटिंग स्पीड गुणिले ३१८, भागिले व्यास. एमएसला (माइल्ड स्टीलला) एचएसएस टूलनं मिनिटाला ३० मीटर धरा, म्हणजे २५ मिमीच्या बारला साधारण ३८० आरपीएम. बर, म्हणजे कापून निघणारी धातूची साल, निळा पडायला लागला तर एचएसएस जळतंय, स्पीड कमी करा. कार्बाइडला निळा बर चालतो.

पहिला जॉब म्हणून तोच २५ चा बार घ्या, चकच्या बाहेर ५० मिमी. चकची चावी काढून ट्रेमध्ये ठेवा, बाह्या वर करा, अर्धा मिमी कट लावा. लांब बर निघाला तर मशीन थांबवून आकडीनं ओढा, हातानं नाही.